लॅपटॉप मोडला, हातात २५ हजार : जुना घ्यायचा तर कोणता, आणि कसा तपासून?

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर कळेल. तुम्ही कराडला राहता, मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या लॅपटॉपची बिजागरी मोडली, काही महिने तो भिंतीला टेकवून चालवला, आणि आता स्क्रीन काळी पडलीय. दुकानदार म्हणतो बोर्ड (आतली मुख्य सर्किट पट्टी) गेला, १४ हजार लागतील. तुमच्याकडे जेमतेम २५ हजार आहेत. एवढ्यात नवा साधा घ्यावा की जुना चांगला, आणि जुना घेतला तर फसायचं कसं नाही, हे तुम्हाला हवंय.

मी १८ वर्षं पुण्यात लॅपटॉप दुरुस्त करतोय आणि जुनी मशीनं विकतोही. म्हणजे जुन्या मशीनची बाजू घेण्यात माझा स्वार्थ आहे, हे धरूनच पुढचं वाचा. मात्र सुरुवात खरेदीपासून करू नका. तुमच्या पत्रातली ‘आधी बिजागरी, मग स्क्रीन’ ही ओळ वाचून मला त्या बोर्डच्या निदानाबद्दलच शंका आली.

बोर्डापासून स्क्रीनपर्यंत चित्र नेणारी बारीक केबल बिजागरीच्या पोटातूनच जाते. बिजागरी सुटली की झाकण उघडताना-मिटताना ती केबल दाबली जाते, घासते, आणि एक दिवस तुटते. मशीन आतून चालू असतं, फक्त दिसत नाही. म्हणून आज रात्री एवढं करा : घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडा, टीव्हीवर तो इनपुट निवडा, बटण दाबा आणि दोन मिनिटं थांबा. काही आलं नाही तर विंडोजचं बटण आणि ‘पी’ एकत्र दाबा, खालचा बाण एकदा, मग एंटर. तरीही अंधार असेल तर चार्जर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा आणि पुन्हा सुरुवात करा.

टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड जिवंत आहे. मग खर्च केबलचा, बिजागरीचा आणि फार तर पॅनेलचा. केबल हजाराच्या आसपास, बिजागरी बसवून हजार-दीड हजार, आणि फुल एचडी पॅनेल बदलावं लागलंच तर चार ते सहा हजार. चित्र नाहीच आलं तरी ‘बोर्ड गेला’ या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. एक, अख्खा बोर्ड बदलायचा, १४ हजार त्याचे सांगितले असणार. दुसरा, बोर्डवरचा एखादा शॉर्ट झालेला कपॅसिटर किंवा चार्जिंगची आयसी बदलायची. हे काम चिप लेव्हल करणारा माणूस अडीच ते साडेचार हजारांत करतो. कराडला किंवा कोल्हापूरला असं काम करणाऱ्याला एकदा दाखवा. तो तपासणीचे दोनशे-तीनशे घेईल, ते द्या. माझा स्वतःचा हिशेब असा आहे : दुरुस्तीचा खर्च, त्याच मॉडेलचं जुनं मशीन बाजारात ज्या भावाला मिळतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसत असेल तर दुरुस्त करावं. निम्म्यावर गेला की हात आखडावा, कारण बाकीचे भागही पाच वर्षांचेच असतात.

दुरुस्ती होवो न होवो, आतला डेटा आधी बाहेर काढा. घाईत मशीन एक्स्चेंजला देऊन टाकतात आणि मग मुलांचे प्रोजेक्ट, बाबांचे शेवटचे फोटो गेल्याचं सांगत लोक माझ्याकडे येतात. तेव्हा माझ्या हातात काही नसतं. स्क्रीन गेली, बोर्ड गेला तरी एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, बहुतेक वेळा धडधाकट असते. ती काढून पाचशे ते पंधराशे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घातली की पेन ड्राइव्हसारखी उघडते. इथे एक अडथळा येऊ शकतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलेल्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्कला आपोआप बिटलॉकरचं कुलूप लागलेलं असतं, आणि दुसऱ्या मशीनला जोडली की ती ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली मुलीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, मोबाइलवरून लॉग-इन करूनही सापडते. त्या खात्याचा पासवर्ड आजच तिच्याकडून खात्रीने लिहून घ्या.

आता धरून चालू की जुनं मशीन खरोखर संपलंय.

२५ हजारांत नवा लॅपटॉप मिळतो. तो दिसतो छान, आणि ‘नवीन’ या शब्दाने घरातल्यांना धीर येतो. पण त्या किमतीत बहुधा दोन कोअरचा, म्हणजे काम करणारे दोनच भाग असलेला, सेलेरॉन प्रोसेसर येतो, रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते, काहींत तर एसएसडीऐवजी ६४ जीबीची ईएमएमसी ही संथ साठवण असते. तिच्यावर विंडोजचे अपडेट आले की जागा संपते. अंग पातळ प्लॅस्टिकचं आणि बिजागरीचे स्क्रू त्याच प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी बोंड्यांत. तुमची बिजागरी मोडली ती अशीच मोडली असणार. ऑनलाइन फॉर्म भरायला आणि व्हिडिओ बघायला हे मशीन पुरतं. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला ते सहा महिन्यांत रडवेल.

त्याच पैशांत ऑफिसमधून निवृत्त झालेलं मशीन मिळतं. हा माल येतो कुठून हे समजून घेतलं तर भीती कमी होईल. मोठ्या आयटी कंपन्या आणि बँका हजारोंनी लॅपटॉप भाड्याने घेतात, तीन-चार वर्षांनी करार संपला की सगळे एकदम परत जातात आणि व्यापाऱ्यांकडे लॉटने येतात. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळूरला एसपी रोड, सगळीकडे हाच माल फिरतो. मूळ किंमत साठ-सत्तर हजारांच्या वर असलेली ही मशीनं रोज बॅगेत जाण्यासाठी बांधलेली असतात. बिजागरी धातूच्या सांगाड्यात बसलेली असते. खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं, आणि सुटे भाग वर्षानुवर्षं मिळत राहतात, कारण एकाच मॉडेलची लाखो मशीनं बनलेली असतात.

यात सीमारेषा एकच घट्ट धरायची : इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी. तिच्या खाली या पैशांत जायचं नाही. याला दोन कारणं आहेत. २०१७ मध्ये ही पिढी आली तेव्हा लॅपटॉपच्या आय५ मध्ये दोनऐवजी चार कोअर आले. सातव्या पिढीचा आय५-७२००यू दोन कोअरचा आहे, आठव्या पिढीचा आय५-८२५०यू चार कोअरचा. दुसरं कारण विंडोजचं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला, मोजके अपवाद सोडले तर, आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर दुकानदार युक्तीने विंडोज ११ टाकून देतात. ते चालतं, पण पुढचे अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

पिढी ओळखणं सोपं आहे. आय५ नंतरचा आकडा बघा. ८३५० म्हणजे आठवी, १०२१० म्हणजे दहावी, ११३५ म्हणजे अकरावी. आठवी-दहावीच्या या आकड्यांच्या शेवटी ‘यू’ असावा, ११३५ च्या शेवटी ‘जी७’ असतं. ‘वाय’ असेल तर तो अगदी कमी ताकदीचा प्रकार. स्टिकरवर विश्वास ठेवू नका, सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’च्या तळाशी ‘अबाउट’मध्ये पूर्ण नाव असतं. ‘आय७, १६ जीबी, ५१२ एसएसडी, फक्त १७ हजार’ अशा जाहिरातींना सर्वांत जास्त लोक भुलतात. तो आय७ बहुधा चौथ्या किंवा सहाव्या पिढीचा असतो. सहाव्या पिढीचा आय७-६६००यू दोनच कोअरचा आहे, म्हणजे आठव्या पिढीचा साधा आय५ त्याच्या पुढे जातो.

नावं हवी असतील तर लेनोवो थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९० किंवा ७४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५. चारही बहुतांश आठव्या पिढीची (काहींत सातवीचा प्रोसेसरही सापडतो, तो बघून घ्या), १४ इंची, आणि चारही मशीनमध्ये रॅमच्या दोन जागा आहेत. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. थिंकपॅड टी४८०एस नावाने जवळचा आहे, पण त्यात काही रॅम बोर्डला चिकटलेली असते आणि जागा एकच. एक्स१ कार्बन हातात घेतला की सोडवत नाही इतका हलका, मात्र त्याची रॅम पूर्ण चिकटलेली. तो घ्यायचा तर १६ जीबीचाच घ्यावा, नंतर वाढवता येत नाही.

मुलीला रॅम किती लागेल? अभ्यासाचं कोडिंग, ब्राउझर, डेटाबेस यांना ८ जीबीत भागतं. पुढच्या वर्षी अँड्रॉइड स्टुडिओ किंवा व्हर्च्युअल मशीन आलं की १६ हवी. पूर्वी मी सांगायचो की ८ ची घ्या, बाकीची सावकाश घाला. आता तसं सांगत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, आणि सुटी कांडी घेण्यापेक्षा १६ जीबी घातलेलं मशीन बऱ्याचदा स्वस्त पडतं. तुमच्या मोडलेल्या लॅपटॉपकडेही याच नजरेने बघा. त्यात डीडीआर४ या प्रकारच्या रॅमची सुटी कांडी असेल तर ती या चारपैकी कोणत्याही मशीनमध्ये बसेल. कांडी ३२०० ची असली तरी हरकत नाही, ती नव्या घरच्या वेगाने चालते. एसएसडीचंही तसंच, फक्त तिची जात, एनव्हीएमई की साटा, ही जुळवून घ्यावी लागते. म्हणून मोडका लॅपटॉप पंधराशे रुपयांना भंगारात देण्याआधी उघडून बघा. त्यातले भाग आज त्याहून जास्त मोलाचे असू शकतात.

इथवर जे लिहिलं ते मॉडेलबद्दल. पण जुन्या बाजारात मॉडेल कधीच विकत मिळत नाही, मिळतं ते समोरचं एक मशीन. एकाच लॉटमधले दोन टी४८० मी शेजारी शेजारी ठेवलेत. एक एसी ऑफिसात डॉकला लावून चार वर्षं टेबलावर बसलेला, दुसरा रोज मोटरसायकलवर फिरलेला. कागदावर दोघांत काहीही फरक नव्हता. तेव्हा दुकानात एक तास मोकळा ठेवून जा, सोबत मोबाइलचं इंटरनेट, इअरफोन आणि एक पेन ड्राइव्ह असू द्या. ‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ या शब्दांना सगळ्या बाजारात मिळून एक माप नाही, ज्याची त्याची ग्रेड वेगळी. म्हणून तपासणी स्वतःच करायची.

पहिल्यांदा कुलपं बघायची. यात मी स्वतः पोळलोय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. २०२२ मध्ये एका व्यापाऱ्याकडून मी बारा मशीनांचा लॉट उचलला. विंडोज टाकलेलीच होती, सगळं चालत होतं, मी विकली. सात महिन्यांनी लातूरचा एक मुलगा आला. परीक्षेआधी त्याने मशीन रिसेट केलं होतं आणि स्क्रीनवर एका कंपनीचं नाव, ‘कंपनीच्या ईमेलने लॉग-इन करा’ असा निरोप. ते मशीन कंपनीच्या यादीतून काढलेलंच नव्हतं. व्यापाऱ्याने इंटरनेट न जोडता विंडोज टाकून ते झाकलं होतं. मुलाचे पैसे मी परत केले, पण त्याचे परीक्षेआधीचे चार दिवस गेले ते गेलेच. तेव्हापासून माझ्याकडचं प्रत्येक मशीन मी रिसेट करून, इंटरनेटला जोडून, पहिल्या स्क्रीनपासून सुरू करून बघतो. तुम्हीही दुकानदाराला हेच करायला सांगा. अर्धा-पाऊण तास लागतो. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.

त्याच वेळी मशीन चालू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जा. लेनोवोला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०. पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो माहीत नसेल तर मशीन परत ठेवा. आत सिक्युरिटीच्या पानावर ‘अ‍ॅब्सोल्यूट’ किंवा ‘कॉम्प्युट्रेस’ नावाची नोंद असते. तिथे ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ लिहिलं असेल तर ते मशीन दुरून कुलूपबंद करायचा अधिकार अजून कुणाकडे तरी आहे. तेही नको. मालकी बदलली तरी ही नोंद फॉर्मॅट मारून जात नाही.

बॅटरीचं खरं वय शब्दांत नाही, अहवालात कळतं. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘powercfg /batteryreport’ असं टाइप करा. जी फाइल तयार होते तिच्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी दिसतात. समजा मूळ ४८,००० आणि आता २१,००० मिलिवॅट-तास. म्हणजे ४४ टक्के उरली, साध्या कामाला दोन-अडीच तास. ते वाईट नाही, पण मग बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा. टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे काढता येणारी. अहवालात दोन्हीचे आकडे येतात. मागची चांगली दाखवून आतली मेलेली देणं सर्रास चालतं. अहवाल झाला की चार्जर काढून वीस मिनिटं व्हिडिओ लावा आणि टक्के कसे उतरतात ते बघा. साठवरून एकदम बारा होत असतील तर अहवालही खोटा समजायचा. आणि मशीन सपाट काचेवर ठेवून बघा. डुगडुगत असेल किंवा ट्रॅकपॅड वर आल्यासारखा वाटत असेल तर आत बॅटरी फुगलेली आहे. ती आगीला आमंत्रण आहे. कितीही स्वस्त दिली तरी त्या बॅटरीसकट मशीन घरी नेऊ नका.

चार्जरकडे लोक बघतच नाहीत. डेलच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक काडी असते, तिच्यातून मशीन चार्जरची ओळख पटवून घेतं. ओळख पटली नाही तर बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरही स्वतःला हळू करतो. गिऱ्हाईक म्हणतं मशीन स्लो आहे, आणि दोष असतो तीनशे रुपयांच्या नकली चार्जरचा. तपासायचं असं : चार्जर लावून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग बघा. काम चालू असतानाही तो ०.४ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकून बसला असेल तर चार्जर, बॅटरी किंवा बोर्ड यांत काहीतरी बिघाड आहे. दुसरा चार्जर लावूनही तसंच राहिलं तर मशीन नको. टाइप-सी असलेल्या मशीनमध्ये त्या पोर्टमध्ये पिन घालून हलकेच हलवा. चार्जिंगचा दिवा लुकलुकला तर पोर्ट सैल झालाय, आणि तो बदलणं म्हणजे बोर्डवरचं काम.

उष्णतेची परीक्षा व्हिडिओ लावलेला असतानाच होऊन जाते. फुल एचडी व्हिडिओ आणि दहा-बारा टॅब वीस मिनिटं चालू ठेवा, डाव्या-उजव्या जाळीपाशी हात धरा. गरम हवा जोरात यायला हवी. मशीन तापलंय आणि हवा येत नाही, तर पंखा किंवा जाळीत साचलेली धूळ. हे सुधारतं, सफाई आणि प्रोसेसरवरची नवी पेस्ट पाचशे-सातशेत होते. पण पंखा घरघरत असेल तर त्याचे पैसे वेगळे धरा.

स्क्रीनसाठी पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं आणि निळं चित्र लावून बघा. पांढऱ्यावर धुरकट डाग दिसतात ते बॅगेतल्या दाबाचे. कोपऱ्यात एखादा असेल तर मी चालवून घेईन, मध्ये असेल तर नाही. बाजूने बघितल्यावर रंग उलटे होत असतील किंवा रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ असेल तर ते जुन्या धाटणीचं पॅनेल. दिवसाला आठ तास कोड वाचणाऱ्या मुलीच्या डोळ्यांसाठी १९२० बाय १०८० चं आयपीएस, म्हणजे बाजूनेही रंग नीट दाखवणारं, पॅनेल घ्या. इथे हजार-दीड हजार जास्त गेले तरी मला ते योग्य वाटतात. झाकण हळूहळू मागे-पुढे करून बघा, चित्र कुठेही थरथरता कामा नये. तुमच्या जुन्या लॅपटॉपचा आजार असाच सुरू झाला असणार.

कीबोर्डसाठी नोटपॅड उघडून प्रत्येक की दाबायची, एकही सोडायची नाही. परदेशातून आलेल्या लॉटमध्ये कधी जर्मन तर कधी स्वीडिश कीबोर्ड असतात आणि वरून इंग्रजी स्टिकर लावलेले असतात. एंटरची की उभी आणि आखूड दिसली तर ओळखावं. कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर, सगळे यूएसबी पोर्ट, वायफाय एकदा चालवून बघा. पोर्टच्या आत मोबाइलचा टॉर्च मारा. हिरवट-तांबूस गंज दिसला तर मशीनमध्ये पाणी गेलंय किंवा ते किनारपट्टीच्या दमट हवेत राहिलंय. कोकणातून येणाऱ्या मशीनांत मी हे नेहमी बघतो. आज चालतंय, पण एक पावसाळा काढेल असं सांगता येत नाही.

एसएसडीसाठी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, पेन ड्राइव्हमध्ये घेऊन जा. त्यात तब्येतीचे टक्के आणि चाललेले तास दिसतात. ऑफिसचं मशीन रोज आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस, चार वर्षं म्हणजे आठ हजार तास. इतके दिसले तर घाबरू नका, उलट डिस्क मूळची आहे असं कळतं. दोनशेच तास दिसले आणि नावही कधी न ऐकलेलं, तर मूळ चांगली डिस्क काढून स्वस्तातली बसवलीय. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘दोनपैकी एक जागा वापरात’ असं दिसलं तर उत्तम, दुसरी कांडी घालायला वाव राहतो.

विंडोज खरी आहे का हे बघायला विंडोज आणि ‘आर’ दाबून ‘slmgr /xpr’ असं लिहा. एखादी संपायची तारीख आली तर ती बहुधा बिनपरवान्याची आहे. या मशीनांसोबत मूळची विंडोज प्रो सहसा असतेच आणि तिचा परवाना बोर्डशी बांधलेला असतो. त्यामुळे खरी विंडोज टाकून द्या म्हणून हक्काने सांगा, वेगळे पैसे देऊ नका. शेवटी मशीनच्या पोटावरचा सिरियल नंबर लेनोवो, डेल किंवा एचपीच्या संकेतस्थळावर घालून बघा. मॉडेल जुळायला हवं, आणि वॉरंटी कधी सुरू झाली त्यावरून खरं वय कळतं.

पैशांचं. आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी, २५६ एसएसडी असं चांगलं मशीन माझ्या पाहण्यात १६ ते २० हजारांत मिळतं, १६ जीबीला त्यावर दोन-तीन हजार. भाव महिन्यागणिक हलतात, तेव्हा तीन दुकानांत विचारा. तुम्ही २५ हजार घेऊन निघालात तरी दुकानात २० हजारच आहेत असं समजून बोला. उरलेले बॅटरीसाठी राखून ठेवा, वर्षभरात ती बहुधा लागतेच. सगळेच्या सगळे पैसे मशीनवर घालून नंतर बॅटरीअभावी कॉलेजात प्लग शोधत फिरणारी मुलं मी पुष्कळ बघतो.

आता मशीन कराडला घ्यायचं की पुण्यात, याचं. पुण्यात माल जास्त आणि भाव कमी, हे खरं. पण महिन्याभरात काही बिघडलं तर कराडहून येणं-जाणं, एसटीचे पैसे आणि मोडलेला दिवस धरा. एरवी मी सांगितलं असतं की कोल्हापूर-कराडमध्ये ओळखीच्या दुकानात हजार-दोन हजार जास्त देऊन घ्या. तुमची मुलगीच पुण्यात राहते, मशीनही तिथेच राहणार, म्हणून पुण्यातच घ्या. तिलाच सोबत न्या आणि तपासणी तिच्याच हाताने होऊ द्या. कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलीला हा एक तास फार उपयोगी पडेल.

बिल पक्कं हवं, जीएसटीचं, त्यावर सिरियल नंबर लिहिलेला. फक्त वॉरंटीसाठी नाही. चोरीचे लॅपटॉपही याच बाजारात येतात, आणि चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो. बिलाशिवाय निम्म्या भावात मिळणारं मशीन हे असं कारण ठरू शकतं. वॉरंटी किती महिन्यांची आणि तिच्यात बॅटरी, चार्जर, स्क्रीन येतात का हे बिलावरच लिहून घ्या. ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे फक्त सात-आठ दिवस. खाजगी माणसाकडून घेत असाल तर मूळ बिल मागा, भेट एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात ठरवा आणि मशीन हातात येण्याआधी टोकन म्हणूनही पैसे पाठवू नका. ऑनलाइन मागवलं तर खोका उघडताना व्हिडिओ काढा आणि वरची सगळी तपासणी पहिल्या दोन दिवसांत उरका, परतीची मुदत हातची जाऊ देऊ नका.

मुलगी मॅकबुक म्हणत असेल तर या पैशांत फक्त इंटेलचे जुने मॅक येतात, त्यांना नवी सिस्टिम मिळणं बंद होत चाललंय. जुना गेमिंग लॅपटॉप तर मी कुणालाच सुचवत नाही, तो आधीच्या मालकाने तापवून तापवून वापरलेला असतो. आणि घरात अचानक खर्च निघून हातात १२-१३ हजारच उरले, तर सहाव्या-सातव्या पिढीचं धडधाकट मशीन घेऊन त्यावर लिनक्स मिंट टाका. अपडेट वेळेवर येतात, कोडिंगच्या अभ्यासाला ते पुरतं, मराठी इनस्क्रिप्टही त्यात असतं. फक्त कॉलेजच्या ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजच मागतं का, हे आधी विचारून घ्या.

मशीन घरी आल्यावर पहिला आठवडा ते भरपूर वापरा, बाजूला ठेवू नका. दडलेला दोष असेल तर बहुधा याच दिवसांत बाहेर येतो. जुनी डिस्क केसमध्येच राहू द्या, महिन्यातून एकदा नव्यावरचा अभ्यास तिच्यावर उतरवून ठेवायला.

टीव्हीला जोडून काय दिसलं ते मात्र आधी कळवा. जुन्या लॅपटॉपच्या पोटावर स्टिकर आहे त्यावरचं मॉडेलचं नावही लिहा. त्यातली रॅम सुटी आहे की चिकटलेली आणि एसएसडी कोणत्या जातीची, ते मी बघून सांगतो. तोवर कुणालाही १४ हजार देऊ नका.